फुटपाथ गेला कुठे?

व्यापारी संघाचे अध्यक्ष पोपटशेठ यांच्या साडीच्या दुकानाची भलीमोठी पाटी आणि साड्या नेसवलेले पुतळे फुटपाथ अडवून उभे असत. आळीतल्या सोनाक्कांनी वाट मागितली, तर शेठ गुरकावले, "खाली रस्त्यावरून जा की!" खाली उतरल्या, तर टेम्पो अगदी पदराला घासून गेला.

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन येताना आक्का सरळ दुकानातच शिरल्या. चिखलाच्या चपलांनी पांढऱ्याशुभ्र गादीवरून पलीकडच्या दाराकडे निघाल्या. मागोमाग अख्खी आळी!

"अहो आक्का, हा काय रस्ता आहे?" शेठ किंचाळले.

"तुमचं दुकान फुटपाथवर आलंय ना शेठ, म्हटलं फुटपाथ आत आला असेल!"

गादी नंतर धुतली. आधी शेठ पाटी उचलायला धावले.