हलक्या मुलीचं बारसं

पांघरूण घेतलंत? पाय आत घ्या आधी. पाणी पिऊन झालंय, दोनदा उठून झालंय, आता कुणीही हलायचं नाही. मग ऐका.

एक होती बाई. तिला होती एक मुलगी. आणि त्या मुलीला नावच नव्हतं, बरं का!

हे सगळं पार तिकडे, चीन देशातल्या एका डोंगरगावात झालं. बाईचं नाव फांग. तिच्या नवऱ्याचं नाव चुंग. घरात फांगचे सासरे होते, म्हातारे ल्यांग. तिकडे सासऱ्यांना काय म्हणतात देव जाणे, आपण आपले मामंजी म्हणू. आणि होती थाओ आत्या, म्हणजे चुंगची आत्या. ती बाळ बघायला म्हणून चार दिवसांसाठी आली होती. बाळाचा महिना भरत आला तरी तिचं चंबूगबाळं काही हललं नव्हतं.

तर त्या गावची एक तऱ्हा होती. बाळ जन्मलं की त्याला थोडंसं वजन असायचं. मग ते रोज कमी कमी व्हायचं. कारण खरं वजन असतं नावाला. नाव नाही तर वजन नाही. महिना भरला की बारसं करायचं, नाव लिहायचं, की लगेच बाळ मांडीत कसं छान जड लागायचं. पण महिना भरल्या दिवशी सूर्य बुडायच्या आत नाव पडलं नाही, तर मग बाळ गेलंच. तरंगत तरंगत ढगांपलीकडे. बरं, हाक मारून परत बोलवावं म्हटलं, तर हाक काय म्हणून मारणार?

बाकीच्या घरांत लोक सकाळीच नाव लिहायचे आणि दुपारी लाल रंगवलेली अंडी वाटून मोकळे व्हायचे. फांगच्या घरात मात्र तीन शहाणे होते.

महिना भरला त्या दिवशी सकाळी मुलगी इतकी हलकी झाली होती, की फांगने तिला कमरेच्या पट्ट्याने आपल्या मनगटाला बांधून ठेवलं होतं. मुलगी शिंकली की हातभर वर जायची. मग फांग तिला ओढून खाली आणायची. एका हाताने चूल, एका हाताने मूल. महिनाभर बाईच्या डोळ्याला डोळा नव्हता. डोकं नुसतं ठणकत होतं.

ती म्हणाली, "अहो, काहीही ठेवा. पण आत्ता ठेवा."

आता तुम्ही म्हणाल, नाव ठेवायला असा कितीसा वेळ लागतो? तर बाबांनो, तिकडची अक्षरं आपल्यासारखी नव्हेत. आपलं कसं, क ला काना का, झालं काम. तिकडे अक्षर म्हणजे अर्धं चित्रच. एकेका अक्षरात दोन-दोन, तीन-तीन तुकडे. पाण्याचं काही लिहायचं असेल तर डाव्या अंगाला तीन थेंब काढायचे. झाडाचं असेल तर बाजूला झाड. आणि त्या गावची शाई होती जागृत. नावात जो तुकडा लिहाल तो हजर! हात बाजूला केला की आलाच घरात.

म्हणून तर सगळे जपून लिहायचे. आणि म्हणूनच त्या घरात सकाळपासून नुसता काथ्याकूट. मामंजी म्हणाले, या अक्षराचा तुकडा बरा नाही. आत्या म्हणाली, तुमच्या अक्षराला काही शोभाच नाही. बाळाला नाव ठेवायचं राहिलं बाजूला, आणि हे बसले एकमेकांना नावं ठेवत!

दुपार झाली. मुलगी आता पट्ट्याच्या टोकाला पतंगासारखी उभी. फांग म्हणाली, "मामंजी, ऊन उतरायला लागलंय हो."

मग मामंजी खाकरले. म्हणाले, "पत्रिका मी स्वतः पाहिली आहे. मुलीला पाण्याचा अंश कमी आहे. नावात पाणी पाहिजे म्हणजे पाहिजे." त्यांनी लाल कागद घेतला. कुंचला शाईत बुडवला. डावीकडे काढले तीन थेंब, आणि वर म्हणतात कसे, "समुद्र! नातीचं नाव समुद्र. माझ्या घराण्याला साजेसं."

हात बाजूला केला मात्र, चुलीखालून पाणी, उंबऱ्यावरून पाणी, भिंतीतून पाणी! गुडघाभर झालं. मांडीभर झालं. लाल अंडी निघाली होड्यांसारखी दाराबाहेर. मुलगी जरा जड झाली होती, हे खरं. पण जड होऊन बुडायला लागली, त्याचं काय? फांगने तिला खांद्यावर घेतलं आणि ओरडली, "फाडा तो कागद! आधी फाडा!" चुंगने कागद फाडला. नवं पाणी यायचं थांबलं, होतं ते दाराबाहेर ओसरू लागलं. मुलगी परत हलकी.

मामंजी आणि आत्या तशीही एकमेकांना पाण्यात पाहायची. आता दोघं खरोखरच पाण्यात उभं राहून भांडू लागली. फांगच्या तोंडापर्यंत आलं होतं, की तुम्ही दोघं भांडा, मी चालले माहेरी. पण माहेर दोन डोंगर पलीकडे, आणि सूर्य तर चालला खाली.

मग चुंग पुढे झाला. माणूस गरीब हो, पण सगळ्यांची मनं राखता राखता त्याचं स्वतःचं डोकं चालायचंच नाही. तो म्हणाला, "बाबांचं पाणीही राहू दे, आणि घरही वाचू दे. तीन थेंबांना एवढं पाणी आलं ना? मग आपण दोनच काढू. घोट्याइतकंच येईल." आणि खूश होऊन त्याने दुसरा कागद घेतला, काढले दोन थेंब.

हसतंय कोण? हसू नका. चूक समजली का आधी?

दोन थेंब म्हणजे कमी पाणी नव्हे. तिकडे दोन थेंब म्हणजे बर्फ! शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. चुंगलाही ठाऊक होतं. पण घाईत आठवायला नको?

झालं. खोलीतलं पाणी कडकड कडकड करत गोठलं. मामंजी नडगीपर्यंत बर्फात. आत्या तर बोलता बोलता तशीच, तोंड उघडं. आणि मुलगी गार पडली. ओठ निळे. रडायची थांबली. ती रडायची थांबली तेव्हा मात्र फांगने वाट पाहिली नाही कुणाची. झडप घालून तो कागद हिसकावला, दोन तुकडे केले, मुलीला सदऱ्याच्या आत छातीशी धरलं, तळवे चोळले, पाठ चोळली. बऱ्याच वेळाने मुलीने एक बारीकसा सूर काढला. बर्फाचा चिखल झाला.

चुंग म्हणाला, "माझा हेतू चांगला होता गं."

फांग म्हणाली, "तुमचा हेतू घाला चुलीत!" आणि चूल तर विझली होती.

मग आली आत्याची पाळी. तिचं तोंड नुकतंच सुटलं होतं, मग काय विचारता! "मी पहिल्यापासून सांगत होते. पाणी नको, बिणी नको. मुलीच्या जातीला घर लाभलं पाहिजे. घर असं नाव ठेवा." ऐकायला चांगलं वाटतं की नाही? पण तिकडे घर हे अक्षर कसं काढतात, माहीत आहे? वर छप्पर काढतात. आणि छपराखाली डुक्कर! आता का, ते मला विचारू नका. असेल, तिकडे घरोघर डुकरं असतील.

फांग म्हणाली, "आत्याबाई, त्यात तो तुकडा—"

"मोठ्यांच्या मधे बोलू नये," आत्या म्हणाली. आणि उरलेल्या शेवटच्या कागदावर तिने छप्पर काढलं, डुक्कर काढलं, दारावर चिकटवायला मागून भाताची खळ लावायला घेतली.

तोच डुक्कर आलं. हे एवढं! उंबरा ओलांडून थेट आत. भाताच्या खळीचा वास आला त्याला. आत्याच्या हातातला कागद ओढला, आणि खळीसकट, नावासकट गपकन खाऊन टाकला. आत्या किंचाळली. डुक्कर भेदरलं. गोल गोल धावलं, चिखलात घसरलं आणि जाऊन आदळलं फांगवर. फांग पडली. मनगटाचा पट्टा सुटला.

आणि मुलगी निघाली वर.

फांगने उडी मारली. पट्ट्याचं टोक बोटांना लागलं, निसटलं. मुलगी गेली थेट छपरापर्यंत, आणि वाशाला पाठ लागून थांबली. तिथून ती हळूहळू सरकायला लागली, धूर जायला वर भोक असतं ना, त्याच्याकडे. भोकातून दिसत होतं लालभडक आभाळ. सूर्य डोंगराला टेकला होता.

खाली काय चाललं होतं? मामंजी म्हणत होते, डुक्कर कुणी आणलं! आत्या म्हणत होती, बर्फ कुणी केला! चुंग म्हणत होता, आपण सगळे शांतपणे बसून ठरवू या! अरे, कधी? कधी ठरवणार?

फांग इतकी घाबरली होती, की तिला रडूही येईना. नुसता राग आला. असा राग तिला जन्मात आला नव्हता. तिने कुंचला उचलला. कागद तर डुकराच्या पोटात. तिने दाराचं उघडं कवाडच ओढलं समोर. पण लिहायचं काय? नवं काही लिहावं तर ते घरात येणार. तिला आता घरात कुणीही यायला नको होतं. पाणी नको, सोनं नको, मोर नको, काही नको.

तिने वर पाहिलं. पोरीला धरून ठेवलं होतं ते एका छपरानेच. मग तिने छप्पर काढलं. त्याच्याखाली काढली एक बाई. एकच. बाई तर घरात होतीच.

तिकडे ते अक्षर आहे, बरं का. छपराखाली बाई. त्याचा अर्थ शांती. म्हणतात आन.

हात बाजूला केला, आणि मामंजींचे पाय त्यांना न विचारता दाराबाहेर चालायला लागले. मग चुंगचे. मग डुकराचे. "अगं, मीसुद्धा बाईच आहे की!" आत्या ओरडली. पण छपराखाली बाई लिहिली होती एकच, आणि शांती म्हटल्यावर भांडणाऱ्यांना जागा कुठली? आत्याही गेली बाहेर, आणि दार आपलं आपण लागलं.

घर गप्प झालं. महिन्यात पहिल्यांदा.

फांगने दोन्ही हात वर केले. म्हणाली, "आन. ये गं."

मुलीने मान वळवली. तिला कळलं, की ही हाक माझी. आणि ती भोकाजवळून फिरली, हळूहळू उतरली, आणि खाली येता येता जड होत गेली. फांगच्या हातांत आली तेव्हा तिचा असा भार पडला, की फांग मटकन खालीच बसली. आणि मग ती रडली. खूप रडली. मुलगी मात्र तिच्या मांडीवर गाढ झोपून गेली.

बाहेर सूर्य बुडाला. नाव पक्कं झालं, तसा शाईचा जोर ओसरला. बऱ्याच वेळाने चुंगने दाराच्या फटीतून हळूच विचारलं, "आत येऊ का?"

"एकेकटे या," फांग म्हणाली. "आणि बोलायचं नाही."

मग एकेक जण आला, बोटांवर चालत. मामंजींनी नातीचा पाय तळहातावर घेऊन पाहिला, आणि त्याचं वजन लागलं तसे त्यांचे डोळे भरले. कुणी एक शब्द काढला नाही. आत्यासुद्धा गप्प होती, म्हणजे बघा. फांगच्या मांडीला मुंग्या आल्या, पाय पार बधिर झाला. चुंगने खुणेने विचारलं, मी घेऊ का? तिने मान हलवली, नाही. इतके दिवस हिला धरून ठेवताना हात दुखले होते. आता हिच्या भाराने पाय दुखत होता, आणि ते दुखणं तिला कुणालाही द्यायचं नव्हतं.

झालं. ती सगळी तिकडे सुखाने राहिली. आता इकडे कुणी पाण्याचं नाव काढायचं नाही, गोष्टीचं नाव काढायचं नाही. डोळे मिटा. ए, मी बघतेय हं. मिटा म्हटलं ना.