काजळ्याचे झिजलेले दात

फार पूर्वी, घाटाला अजून नावही पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. मेंढपाळांचा एक जथा दसरा झाला की घाट उतरून खालच्या रानात मेंढरं चरायला न्यायचा. त्यांचा एक नियम होता. म्हातारा कुत्रा बरोबर न्यायचा नाही, गावातच ठेवायचा. म्हाताऱ्या कुत्र्याला लांडग्याची चाहूल लागत नाही, आणि मेंढरं तर त्याच्याच भरवशावर डोळे मिटतात.

कुत्र्याचं वय ठरवायचा जथ्याचा कारभारी. तो जबडा उघडून दात बघे, तोंडावरचे पांढरे केस बघे, डोळ्यांवर सारा, म्हणजे पांढुरका पडदा, आलाय का ते बघे आणि वर्षं सांगून मोकळा होई. मालकाला तो काही विचारत नसे. मालक आपल्या कुत्र्याला तरुणच म्हणणार, असं त्याचं मत होतं. त्यात थोडं तथ्यही होतं, म्हणून त्याची घमेंड कुणाला फारशी खुपत नसे.

एका वर्षी बायजा नावाची एकटी बाई आपला कुत्रा घेऊन आली. तिच्याजवळ चाळीस मेंढरं होती आणि राखणीला हा एकच काजळ्या. अंगानं काळाभोर, पण तोंड पांढरं पडलेलं. कारभाऱ्यानं जबडा उघडला. सुळे पार बोथट झाले होते.

"दहा वर्सांचा हाय," तो म्हणाला. "ह्याला ठेव हितंच."

"न्हाई कारभारी, त्यो तीनच वर्सांचा हाय. त्याचं दात..."

"दात खोटं बोलत न्हाईत, बायजा."

लोक हसले. बायजा पुढे बोललीच नाही. मला विचाराल तर तिनं बोलायला हवं होतं. पण चारचौघांत हसू झालं की भल्याभल्यांची जीभ अडखळते. काजळ्याला गावात बांधून ती निघाली. कारभारी मनानं वाईट नव्हता. एका सावकाराच्या घरचा, नुकताच बाजारातून पारखून आणलेला एक कुत्रा त्यानं तिला दिला. पांढरेशुभ्र दात, तुकतुकीत अंग. चार वर्षांचा, असं तो छातीठोकपणे म्हणाला.

घाट उतरल्यावर तिसऱ्या पहाटे लांडगे आले. नवा कुत्रा मेंढरांच्या कडेलाच झोपला होता. तो उठला तेव्हा बायजाची नऊ मेंढरं गेली होती. मग कुणीतरी त्याच्या कानाशी टाळी वाजवली, तरी त्यानं मान वळवली नाही. म्हातारपणानं तो ठार बहिरा झाला होता. सावकाराच्या घरी जन्मभर दूधभात खाल्लेल्या कुत्र्याचे दात झिजणार तरी कशानं?

कारभारी खाली बसला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "काजळ्याचं दात कशानं झिजलं?"

"साखळी चावून," बायजा म्हणाली. "तुमच्याच दारातलं पिल्लू त्ये. लई वरडतंय म्हनून तुमी वरीसभर लोखंडी साखळीला बांधलं हुतं. मंग नकोसं झालं, तवा मला दिलंत. तोंड पांढरं झालं त्ये बी त्याच वर्सात, पर तुमी त्याच्याकडं कवा नीट बघितलंच न्हाई."

कारभाऱ्याला फार लाज वाटली. तो तसाच उठला आणि एकटा घाट चढून काजळ्याला आणायला गेला. त्यानं हात पुढे केला तसा कुत्रा मागे सरला. कारभारी मग जमिनीवर बसून राहिला. दुपार कलली तेव्हा काजळ्या आपण होऊन जवळ आला. दोघं दोन दिवस चालून खाली पोचले. त्यानंतर त्या रानात बायजाचं एकही मेंढरू गेलं नाही. आधीची नऊ मात्र गेली ती गेलीच.

पुढेही दर दसऱ्याला कारभारी कुत्र्यांचे दात बघत राहिला, पण आधी मालकाला जवळ बसवून त्याचं सगळं ऐकून घेऊ लागला.

बोध असा: अंगावरच्या खुणा किती दिवस गेले ते सांगत नाहीत, कसे गेले ते सांगतात; म्हणून निवाडा करण्याआधी विचारावं.