ठकूनं मारलेला राब

आमच्या वाडीच्या वर हा तांबडा मुरमाड उतार दिसतो ना, त्याच्या मधोमध एक काळी पट्टी आहे. तिला ठकूचं शेत म्हणतात. बाकी उतारावर गवतसुद्धा नीट धरत नाही, आणि या पट्टीत नाचणी कमरेला लागते. पाहुणे विचारतात, म्हणून जसं ऐकलं तसं सांगते.

ठकू या वाडीची सून होती म्हणे. आदल्या साली नाचणी बुडाली, तेव्हा घर पोटासाठी घाट उतरलं आणि तिची थोरली मुलगी वाटेतच तापानं गेली. आता पदरात चार महिन्यांचं पोर. यंदाही रोप गेलं तर पुन्हा घाट उतरायचा, असं नवऱ्यानं सांगून टाकलं होतं.

वैशाखात त्यांनी राब पेटवला. राब म्हणजे रोपाच्या वाफ्यावर फांद्या, पाला, शेण जाळून त्याची राख करायची. वारा फिरला आणि जाळ झोपडीकडे धावला. आत पोर निजलेलं. ठकूनं घरातलं होतं नव्हतं ते पाणी ओतलं, वर माती लोटली. पोर वाचलं, पण राब मेला. राख नाही, नुसते कोळसे. पुन्हा जाळायला फांदी उरली नव्हती.

सासू म्हणाली, "राब मारलास बये. आता कोळशात पेर, आणि कोळसेच खा."

कुटून तरी याची राख होईल, असं ठकूला वाटलं. हाताला फोड येईस्तोवर मुसळ चालवलं. राख कुठली व्हायला, काळा चुराच झाला. त्यात तिनं गोठ्यातली मुतानं भिजलेली माती कालवली, दुसरं घालायला होतंच काय, आणि उरलेलं पसाभर बी टाकलं. मग डोंगराकडे तोंड करून म्हणाली, "हे उगवू दे. दरसाल माझ्या हातानं राब मारीन. पण हे पोर घाटात नेऊ नको."

आषाढात पाऊस वीस दिवस गेला तो गेलाच. लोकांच्या वाफ्यांतली राख आधीच वाहून गेलेली, रोपं करपली. ठकूचा वाफा मात्र आतून ओला. सासूनं बोट खुपसून पाहिलं आणि निघायला बांधलेलं गाठोडं सोडलं.

आजही वाडीत राब अर्धा जळला की तान्ह्या लेकराच्या आईनं तो घरच्या पाण्यानं विझवायचा, आणि कोळसा कुटून त्या काळ्या पट्टीच्या मातीत घालायचा. यंदा पाळी माझी होती. चार दिवस टँकर आला नव्हता, कडेवर पोरगी किरकिरत होती. घरात एकच हंडा होता. सगळा ओतला.