सावलीत वाढवलेली लेक

फार जुन्या काळची गोष्ट. ऊन तेव्हाही असंच होतं, आणि लोकांच्या जिभाही अशाच होत्या. लहानथोर सगळ्यांनी ऐका.

डोंगरापलीकडच्या एका गावात धोंडाई नावाच्या बाईला मुलगी झाली. नाव ठेवलं तुळसा. बापासारखी काळीभोर, गुटगुटीत. बारशाला आलेली एक बाई पाळण्यात डोकावून म्हणाली, “अगं बाई, काजळाची डबी सांडली की काय!” सगळ्या खिदळल्या. घुगऱ्या मात्र ओटी भरभरून घेऊन गेल्या.

ते हसणं धोंडाईच्या काळजात रुतलं. पोर आपली वाढत होती. शेळ्यांच्या पुढे टेकडी चढत होती.

नवरात्रात धोंडाईनं घट बसवला. अंधाऱ्या कोपऱ्यातलं धान पिवळंधमक वर आलं. ते पाहून तिच्या डोक्यात खूळ शिरलं.

“आत्याबाई, बघा,” ती सासूला म्हणाली, “ऊन लागलं नाही की रंग कसा उजळतो! आजपासून तुळसा उंबरा ओलांडणार नाही.”

सासू उसळली. “अगं खुळे, ते धान देवापुरतं. त्याला कणीस धरलेलं पाहिलंस कधी? आपल्या मुलखात ऊन जाळतं, म्हणून कातडीनं पिढ्यान्‌पिढ्या आपली छत्री आपणच केली. तोच हा काळा रंग. धुक्याच्या मुलखात ऊन थोडं, ते आत यावं म्हणून तिथली कातडी फिकी झाली. यात कुणाची अब्रू आली नि कुणाची गेली? ऊन भाजतं तसं हाडंही पोसतं. सोड पोरीला!”

“तुमच्या छत्रीला नवरा कोण देणार?” असं म्हणून सुनेनं दाराला कडी घातली.

आत दुधाहळदीची उटणी सुरू झाली. पोर आधी बाहेर जायला रडायची, मग पाय दुखतात म्हणून रडायला लागली. “सोस गं जरा. उजळतेयस,” आई म्हणायची. सासू बोलली खूप. पण उठून कडी तिनंही काढली नाही.

वर्षं गेली. तुळसा वयात आली, पाहुणे आले. मुलाच्या आईनं हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला.

“केतकीच हो! आता जरा चालून दाखव, बाळ.”

तुळसा भिंत धरून उठली. लुगड्याखाली दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकलेले. दोन पावलं टाकली आणि खाली बसली. सुपारी न फोडताच पाहुणे उठले.

धोंडाईनं दार सताड उघडलं. लेकीला उचलून अंगणात नेलं, रोज उन्हात बसवलं, पायांना तेल चोळलं. बघता बघता कातडी पुन्हा काळीभोर झाली.

रंग परत आला. पाय सरळ झाले नाहीत.

तात्पर्य : रंग उन्हानं दिलेला असतो, त्याची लाज माणसांनी दिलेली; टाकायची ती लाज, ऊन नव्हे.