राजाचा घसा आणि चुलीचा नेम

एक होता राजा आणि त्याचा बसला घसा. हसू नका, राजांचेही घसे बसतात. केदार, पाय आवर आधी, शरयूला लागतोय. हं.

तर तो राजा राहायचा उंच गडावर. थंडीच्या दिवसांत तिथं असं धुकं पडायचं की आपलाच हात आपल्याला दिसू नये. आणि साधंसुधं धुकं नव्हे, बरं का. त्यात हाक मारली तर हाकसुद्धा हरवायची. एकट्या राजाचं तेवढं ते ऐकायचं. राजा रोज सकाळी बुरुजावर जायचा आणि ओरडायचा, "उजाडलं, नीघ आता!" मग धुकं मुकाट्यानं दरीत उतरायचं.

एकदा काय झालं, राजानं ओंजळभर बोरं खाल्ली आणि वर घटाघटा गार पाणी प्यायला. राणी नको नको म्हणत होती. पण ऐकेल तर तो राजा कसला! दुसऱ्या दिवशी बुरुजावर गेला, तोंड उघडलं, तर नुसतं फुस्स. धुकं हललं नाही. उलट ऐसपैस बसलं.

आता गडाच्या मुदपाकखान्यात होती सगुणाबाई. मुदपाकखाना म्हणजे राजाचं स्वयंपाकघर. तिच्या हातचा मसाल्याचा चहा प्यायला की बसलेला घसा उठायचाच. पण सगुणाबाईच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. तिचा नवरा धोंडिबा पहाटेच गवती चहा कापायला बाहेर पडला होता. घरात आलं होतं, तुळस होती, तरी म्हणे गवती चहाशिवाय मजा नाही! आणि गडाला चारी बाजूंनी कडे. निघताना ती म्हणाली होती, "अहो, धुकं आलं तर असाल तिथं बसा. जागचे हलू नका." पण चाळीस वर्षांत त्या माणसानं तिचं एक ऐकलं नव्हतं. आज कुठलं ऐकणार? चालत सुटेल आणि कड्यावरून खाली जाईल.

ती मनात म्हणाली, आधी राजाचा घसा, म्हणजे धुकं जाईल, म्हणजे माझा म्हातारा सापडेल. मग तिनं आधण ठेवलं. आलं ठेचून टाकलं. तुळशीची पानं टाकली, वेलदोडे सालासकट कुटून टाकले, दालचिनीचा तुकडा टाकला, दोन लवंगा टाकल्या. चहाची पूड घातली आणि दूध आणायला आत वळली.

आता त्या गडावर एक जुना नेम होता. चुलीपुढून रिकाम्या हातानं जायचं नाही, काहीतरी घालूनच जायचं. सगुणाबाई वळली आणि तेवढ्यात आले दिवाणजी. नेम तो नेम! त्यांनी मूठभर मिरी घातली पातेल्यात आणि काठी टेकत निघून गेले. मग राजा चहा प्यायला आणि लागला शिंकायला. एकदा नाही, दोनदा नाही, शंभरदा शिंकला. होता नव्हता तो आवाजही गेला.

"कोणी घातली मिरी?" सगुणाबाईनं विचारलं.

"मी. रिकाम्या हातानं कसं जायचं?" दिवाणजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आधण, पुन्हा आलं, पुन्हा तुळस. सगुणाबाई चूल सोडायची नाही म्हणून बसली. पण विस्तव मंदावला. लाकडं आणणार कोण? तीच. आणून बघते तर वैद्यबुवा हात झटकत चाललेले. पेटीतला सगळा अडुळसा पातेल्यात! अडुळसा किती कडू माहीत आहे ना? राजानं एक घोट घेतला आणि ओठ असे मिटले की संध्याकाळपर्यंत उघडेनात.

"अहो वैद्यबुवा!"

"रिकाम्या हातानं कसं जायचं, सगुणाबाई?"

सगुणाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवस झाले. म्हातारा कुठं असेल? काय खात असेल? की...पुढचं तिच्या मनात येईना.

तिसऱ्या दिवशी तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, झाकणावर वरवंटा ठेवला आणि पळत लाकडं आणायला गेली. मग आल्या राणीसाहेब. वरवंटा उचलला, झाकण काढलं, अर्धं लिंबू पिळलं. घशाला चांगलं म्हणे! दुधाच्या चहात लिंबू! दूध नासलं, वर चोथा आणि खाली पाणी. सगुणाबाई येऊन बघते तर ही तऱ्हा. वरून चूलही विझलेली.

मग मात्र सगुणाबाई मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "माझा माणूस तिकडं कड्यावर, आणि यांचं काय चाललंय हे?"

तेवढ्यात कोणीतरी खाकरलं. कोण? चूल! खरंच, चूल बोलली, बरं का.

चूल म्हणाली, "सगुणे, रडू नकोस. तुझ्याइतकीच मीही कंटाळले आहे. अगं, नेम माझा होता, पातेल्याचा नव्हे! चुलीपुढून जाणाऱ्यानं चुलीत एक काटकी घालायची, एवढाच तो नेम. यांना लाकूड वाहायचा आला कंटाळा, म्हणून हे लागले पातेल्यात घालायला. आणि लाकडं वाहतेस तू एकटी."

सगुणाबाई ताडकन उठली. पदर खोचला आणि तिघांना बोलावून समोर उभं केलं. राणीसाहेबांनासुद्धा! म्हणाली, "एकेक लाकूड आणा. आत्ताच्या आत्ता."

"बाहेर धुकं आहे गं," राणीसाहेब म्हणाल्या.

"मग घरातलं आणा!"

मग काय करतात? दिवाणजींनी आपली काठी घातली चुलीत. वैद्यबुवांनी लाकडी पेटी घातली. राणीसाहेबांनी बसायचा रंगीत पाट घातला. चूल अशी धडधडून पेटली! आणि तिघंही हात मागं बांधून उभे राहिले. आलं उकळलं, तुळस उकळली, दूध पडलं, चहा उतू जायच्या आत उतरला.

राजा पेलाभर प्यायला. दुसरा पेला प्यायला. तिसरा संपवून तडक बुरुजावर गेला आणि असा ओरडला की कावळे उडाले, "उजाडलं, नीघ आता!"

धुकं निघालं दरीत. सगुणाबाई मागच्या दारानं धावली. आणि बघते तर काय? दारापासून दहा पावलांवर धुण्याच्या दगडावर बसलाय धोंडिबा! मांडीवर गवती चहाची पेंढी, तीही अर्धी चघळून संपवलेली.

"अहो! तीन दिवस इथं बसलात? चहाचा वास आला नाही?"

"आला की. रोज आला."

"मग उठून आला का नाहीत?"

"वास सगळीकडूनच येत होता. इकडं दहा पावलांवर तू, तिकडं दहा पावलांवर कडा. आणि तूच म्हणालीस ना, जागचे हलू नका."

चाळीस वर्षांत एकदा ऐकलं, पण काय वेळेवर ऐकलं! मग तिनं त्याला भरपूर रागावून घेतलं, डोळे पुसले आणि गवती चहा घालून एवढा मोठा पेला चहा दिला. तेव्हापासून त्या गडावर जो तो चुलीत काटकी घालतो, आणि पातेल्याला सगुणाबाईशिवाय कोणी हात लावत नाही. सगळे सुखात आहेत. राजानं बोरं सोडली नाहीत, पण वर पाणी पीत नाही.

काय गं शरयू? चहा? आत्ता? मुळीच नाही. सकाळी मिळेल, पण बंबात घालायला दोघांनी एकेक काटकी आणायची, रिकाम्या हातानं पुढं यायचं नाही. आणि आता असाल तिथं पडा, जागचे हलू नका. मिटा डोळे.