शंभर घागरी आणि एक कंबर

एकदा एका तांबटआळीत एक व्यापारी आला. त्याच्या खिशात शंभर घागरी होत्या. सगळ्या मोबाइलमध्ये. कृत्रिम बुद्धिमत्तेने म्हणे त्या पाच मिनिटांत रेखाटल्या होत्या. त्यांतली एक निवडून तो तिथल्या एका वृद्ध तांबटाच्या शिष्येला म्हणाला, "ही घडव. यापुढे आकार यंत्र ठरवील, तू फक्त हातोडी चालवायची. डोक्याला ताप नाही!"

सहा वर्षे आकारच शिकत असलेल्या शिष्येला हा उपकार जिव्हारी लागला. चित्रातली घागर देखणी होती. वरपासून खालपर्यंत एकच सरळ उतार, गळा नावालाही नाही. तिला काहीतरी खटकले. पण यंत्रापुढे आपण कोण, असे म्हणून तिने मुकाट्याने ती घडवली.

आळीचा रिवाज असा, की ज्याने आकार ठरवला त्यानेच पहिली घागर भरून, कमरेवर घेऊन विहिरीपासून दुकानापर्यंत आणायची. व्यापारी घागर न्यायला आला, तेव्हा म्हाताऱ्याने ती विहिरीवर काठोकाठ भरली आणि शिष्येला वगळून त्याच्यासमोर धरली.

"घ्या, शेठ."

"मी? अहो, माझे कपडे..."

"आकार तुमचा, तेव्हा मानही तुमचा. घ्या म्हणतो ना!"

दहाव्या पावलाला घागर निसटली. शेठ गळ्यापासून घोट्यापर्यंत चिंब झाले. पायाचा अंगठा तेवढा थोडक्यात वाचला.

"यंत्राला नावं ठेवायची होती, तर तोंडाने सांगायचं!" शेठ ओरडले.

"यंत्राला कशाला नावं ठेवू?" म्हातारा भडकला. "त्याने लाखो घागरी पाहिल्या असतील, पण त्या बिचाऱ्याला कंबरच नाही. तुम्हाला तर चांगली ऐसपैस आहे! आकार मंजूर करताना ती कुठे ठेवली होती?" मग तो शिष्येकडे वळला. "आणि तू गं? लहानपणापासून पाणी वाहिलंस. हाताचा विळखा घालायला गळा नाही, हे दिसलं नाही?"

"दिसलं होतं, गुरुजी."

"मग बोलली का नाहीस? हातोडी काय, उद्या यंत्रही मारील. हे खटकणं तेवढं तुझं स्वतःचं होतं, आणि नेमकं तेच गिळलंस!"

शिष्येने शेठकडून मोबाइल मागून घेतला, चित्रे एकेक करून पाहिली. "ह्या सदतिसाव्या घागरीच्या काठाची नक्षी सुरेख आहे. मला सुचली नसती. ती ठेवू." खडू घेऊन तिने फरशीवर आधी गळा काढला, मग पोट, आणि मध्येच थांबली.

"शेठ, जरा सरळ उभे राहा. कमरेचं माप हवंय."

निथळते शेठ निमूटपणे सरळ उभे राहिले.