तारेविना आवाज

लाकडी पेटीतून आधी नुसती खरखर आली. मग फादर दियोगांचा आवाज आला, "इनास, ऐकू येतंय का रे?" फादर खाडीपलीकडे होते आणि मधे तार नव्हती. रेडिओ हा शब्द तेव्हा आमच्या वसईत कुणी ऐकलाही नव्हता. मी सुतार. पेटी माझी, आतलं सगळं फादरांचं, बारा वर्षांच्या खटपटीचं.

आठवड्यातच बिशपांनी मोठ्या पाद्रींना चौकशीला पाठवलं. फादरांच्या केळीच्या वाडीत त्यांनी माझ्याच हाती कुऱ्हाड दिली.

"माणूस दिसत नाही, तार नाही, तरी आवाज येतो. सैतानाचं काम आहे हे. फोड."

मी पेटीसमोर कुऱ्हाड उचलली. एवढ्यात दूरच्या चर्चची दुपारची घंटा झाली. मोठ्या पाद्रींनी सवयीने टोपी काढली, क्रुसाची खूण केली, डोळे मिटून प्रार्थना म्हटली.

ती संपल्यावर फादरांनी हळूच विचारलं, "आत्ता आपल्याला कुणी बोलावलं, फादर?"

"देवाच्या घंटेनं."

"ती इथून दिसत नाही. तिची दोरीही मनोऱ्यातच संपते. मग आवाज इथवर कसा आला? तेवढं सांगा, इनास लगेच पेटी फोडेल."

मोठ्या पाद्रींनी माझ्या हातातली कुऱ्हाड घेऊन कुंपणाला टेकवली आणि ते टांग्याकडे चालू लागले.